उथळ नदीत साइड इमेजिंग सोनार: दिसतात ते मासे की दगड?

कृष्णाकाठ (रविवार, रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी,

मी मूळचा सांगलीचा, गेली सहा वर्षं पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गला आहे. सुट्टी मिळाली की कयाक (वल्ह्याची अरुंद, हलकी होडी) गाडीवर बांधून सस्क्वेहाना नदीवर जातो. नदीशिवाय करमत नाही, हा जुना रोग आहे.

ज्यांनी ही नदी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउनच्या तळ्यातून निघून ७१५ किलोमीटर वाहत ती चेसापीक उपसागराला मिळते. आमच्या गावापाशी पात्र जवळजवळ एक मैल रुंद, आणि खोली म्हणाल तर उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी मांडीभर. तळाला कातळाच्या आडव्या पट्ट्या आहेत, काठापासून काठापर्यंत घाटाच्या पायऱ्या घातल्यासारख्या. मोटारबोटवाले इथे प्रोपेलरऐवजी जेट लावतात, कारण प्रोपेलर दगडावर आपटून एका दिवसात जातो. मासा मुख्यतः स्मॉलमाउथ बास. अंगाने तपकिरी-हिरवा, ओढीला फार चिवट, आणि कायम कशाच्या तरी आडोशाला.

माझ्याकडे आधी साधा, सरळ खाली बघणारा फिशफाइंडर होता. हे सोनार यंत्र पाण्यात आवाज सोडतं आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून खाली काय आहे ते स्क्रीनवर दाखवतं. उथळ पाण्यात तो कुचकामी का ठरतो ते मला फार उशिरा कळलं. त्याच्या आवाजाचा शंकू समजा २० अंशांचा आहे. १ मीटर पाण्यात तो तळावर जेमतेम ३५ सेंटीमीटर रुंदीचा गोल बघतो. म्हणजे मैलभर रुंद नदीत आपण ताटाएवढ्या खिडकीतून बघत चाललो आहोत, आणि त्या खिडकीत मासा असलाच तर कयाकची सावली अंगावर आली की तो पळणार.

म्हणून या वर्षी पैसे साठवून साइड इमेजिंगवाला सोनार घेतला. तो डावीकडे आणि उजवीकडे आडवं बघतो, म्हणजे कयाक माशाच्या डोक्यावर न नेता दहा-बारा मीटर लांबून पाहता येतं. कल्पना फार आवडली. पण चार वेळा नदीवर जाऊन आलो तरी स्क्रीनवर काय दिसतंय ते धड उमगत नाही. सगळीकडे पांढरे ठिपके. मासा समजून गळ टाकला की दगड, आणि दगड समजून पुढे गेलो की मागे पाण्यात उसळी.

उथळ वाहत्या पाण्यात हे यंत्र वापरणारं कुणी आहे का इथे? रेंज, म्हणजे बाजूला किती लांबपर्यंत बघायचं ते, किती ठेवता? आणि मासा न् दगड यांतला फरक कसा ओळखता? चांगली जागा सापडली की तिचे जीपीएस आकडे आणि स्क्रीनचे फोटो इथेच टाकत जाईन, सगळ्यांनाच उपयोग होईल.

वाशिष्ठी_चिपळूण (रविवार, रात्री ९.४५)

दादा, मी हे यंत्र कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे अगदी पहिल्या पायरीपासून विचारतो. स्क्रीनवर नेमकं काय दिसतं? सोनोग्राफीसारखं काही का?

कृष्णाकाठ (रविवार, रात्री १०.२०)

बरोबर ओळखलंत, घराणं तेच. कागदावर काढल्यासारखं सांगतो.

स्क्रीनच्या मधोमध वरून खाली एक काळा पट्टा असतो. तो म्हणजे बोटीखालचं पाणी. पट्टा जितका रुंद तितकी खोली जास्त. आमच्याकडे तो बोटभरच असतो. पट्ट्याच्या दोन्ही कडा उजळ होतात तिथे तळ सुरू होतो. मग डावीकडे नदीचा डावा तळ, उजवीकडे उजवा, सगळा पिवळसर तपकिरी रंगात. सर्वांत वरची ओळ आत्ताची, आणि कयाक पुढे जाईल तशी प्रत्येक जुनी ओळ खाली सरकते. पैठणी विणताना कापड ओळीओळीने वाढत जातं ना, तसं चित्र तयार होतं.

कातळ लखलखीत दिसतो, गाळ काळसर. वाळूवरच्या लाटा तर पन्हाळी पत्र्यासारख्या स्पष्ट. बुडालेला ओंडका फांद्यांसकट ओळखू येतो. एवढं सगळं दिसतं आणि मासा मात्र ओळखता येत नाही, म्हणून जीव तुटतो.

त्रिज्या (सोमवार, सकाळी ७.३०, पुणे)

मी मासे धरत नाही, पण वेल्डिंगच्या जोडांची अल्ट्रासॉनिक तपासणी हे माझं रोजचं काम आहे. लोखंडातली भेग शोधणं आणि पाण्यातला मासा शोधणं यात तत्त्व एकच आहे, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

कृष्णाकाठ, तुम्ही उजळ ठिपक्यांकडे बघताय. ठिपका सोडा, सावली बघा.

ट्रान्सड्यूसर, म्हणजे आवाज सोडणारा आणि परत ऐकणारा पाण्यातला भाग, हा पाण्याच्या वरच्या थरात धरलेला कंदील समजा. कंदील बुटका आणि वस्तू लांब असली की सावली लांबच लांब पडते. दगड तळावर बसलेला असतो, म्हणून त्याची काळी सावली दगडाला चिकटूनच सुरू होते. मासा तळापासून थोडा वर तरंगत असतो, म्हणून त्याचा उजळ ठिपका आणि त्याची सावली यांच्यामध्ये फट राहते. मासा जितका वर, तितकी फट मोठी.

उंचीही काढता येते, समरूप त्रिकोणांचं नववीतलं गणित आहे. तळापासून ट्रान्सड्यूसरची उंची गुणिले सावलीची लांबी, भागिले बोटीपासून सावलीच्या शेवटापर्यंतचं अंतर. समजा ट्रान्सड्यूसर तळापासून १.५ मीटरवर आहे, सावली १.२ मीटर लांब आहे आणि ती ९ मीटरवर संपते. १.५ × १.२ ÷ ९ = ०.२ मीटर. म्हणजे २० सेंटीमीटर उंचीचा दगड. स्क्रीनवरचं अंतर खरं तर तिरकं असतं, पण वस्तू खोलीच्या पाच-सहा पट लांब असली की तिरकं आणि आडवं अंतर जवळजवळ सारखंच येतं.

आता रेंज. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १४८० मीटर जातो. १५ मीटर जाऊन परत यायला त्याला २० मिलिसेकंद लागतात, ३० मीटरला ४०. म्हणजे रेंज अर्धी केली की त्याच वेळात दुप्पट वेळा आवाज सोडता येतो आणि चित्र तितकं दाट विणलं जातं. शिवाय १ मीटर पाण्यात ३० मीटर लांब बघायला गेलात तर आवाज तळाला इतका निसटता लागतो की परत येतच नाही, पहिल्याच मोठ्या दगडाआड सगळं काळोखात जातं. तुमच्या नदीत मी दोन्ही बाजूंना १२ ते १५ मीटरच्या वर जाणार नाही.

फ्रीक्वेन्सी कोणती ठेवली आहे?

कृष्णाकाठ (सोमवार, सकाळी ८.०५)

त्रिज्याताई, हे वाचून थेट कपाळाला हात लावला. मी रेंज ४० मीटर ठेवली होती! जास्त लांबचं दिसेल या हावेने. फ्रीक्वेन्सी ४५५ किलोहर्ट्झ. माझ्या यंत्रात १.२ मेगाहर्ट्झची सोय आहे, पण तिचा पल्ला कमी म्हणून कधी लावली नाही.

त्रिज्या (सोमवार, दुपारी १.१५)

तुम्हाला पल्ला हवाच कुठे आहे? ४५५ किलोहर्ट्झला पाण्यातली तरंगलांबी सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास येते, १.२ मेगाहर्ट्झला साधारण सव्वा मिलिमीटर. उथळ नदीत बारीक तपशील हवा, लांबचा पल्ला नको. बिनधास्त वरची लावा.

नकाशावेडा (सोमवार, रात्री ८.३०, जॉर्जिया)

धागा बघून फार आनंद झाला. मी अटलांटात जीआयएसचं (संगणकावर नकाशे करायचं) काम करतो आणि शनिवार-रविवार दक्षिण जॉर्जियातल्या नद्यांवर असतो.

उथळ नदीतल्या या तंत्राची एक मोठी गोष्ट आमच्याच राज्यात घडली आहे. जहाजामागून ओढायचे साइड स्कॅन सोनार समुद्रात पूर्वीपासून होते, पण ते महाग आणि अवजड. २००५ मध्ये हमिनबर्ड या फिशफाइंडर बनवणाऱ्या कंपनीने हौशी मच्छीमारांच्या छोट्या बोटीला लागेल असं साइड इमेजिंग आणलं. ते इथल्या मत्स्यशास्त्रज्ञांनी उचललं. ॲडम केसर आणि थॉमस लिट्स यांनी फ्लिंट नदीला मिळणाऱ्या इचवेनोचवे नावाच्या ओढ्यात हेच बाजारातलं यंत्र लावून बुडालेल्या लाकडांची मोजणी केली आणि २००८ मध्ये ती प्रसिद्ध केली. २०१० मध्ये आख्ख्या तळाचा नकाशा करायची पद्धत मांडली: कुठे वाळू, कुठे कातळ, कुठे धोंडे. स्क्रीनचे फोटो ओळीने घ्यायचे, जीपीएसच्या वाटेवर बसवायचे आणि एकमेकांना जोडायचे. पाणबुडे उतरवून जे काम करायला महिने गेले असते ते दोन माणसं छोट्या बोटीत बसून करू लागली.

मी या पद्धतीतून एक सवय उचलली. नकाशासाठी वेगळा दिवस काढतो, माशांसाठी वेगळा. पावसानंतर पाणी थोडं चढलेलं असतं तेव्हा सोनार घेऊन जातो, गळ घरी. एरवी जे दगड पाण्याबाहेर असतात किंवा जिथे बोट टेकते तिथूनही तेव्हा सहज जाता येतं. पाणी गढूळ असलं तरी आवाजाला त्याचं विशेष वाटत नाही. त्याचा खरा वैरी हवा. खळाळाच्या खाली फेस आणि बुडबुडे असतात तिथे पांढरे ढग दिसतात, त्यात काहीही शोधू नका. (चढलेलं म्हणजे वीतभर-दोन वीत. पुरात कुणीही जाऊ नये.)

आणि हे सर्वांत महत्त्वाचं: तुम्ही नदी आडवी ओलांडत जाता की धारेबरोबर?

कृष्णाकाठ (सोमवार, रात्री ९.००)

आडवी. कातळाच्या पट्ट्या आडव्या आहेत म्हणून त्यांच्या कडेकडेने जातो.

नकाशावेडा (सोमवार, रात्री ९.४०)

तिथेच गोम आहे. वाहत्या पाण्यात मासा तोंड धारेकडे करून उभा राहतो. तुम्ही आडवे गेलात की सोनार त्याला तोंडाकडून नाहीतर शेपटीकडून बघतो, म्हणजे एक टिकली. धारेबरोबर गेलात की तोच मासा बाजूने दिसतो. त्याच्या पोटातली हवेची पिशवी आवाज सर्वांत जोरात परतवते, आणि अंगाची अख्खी बाजू समोर आली की टिकलीऐवजी तांदळाच्या दाण्यासारखी उजळ रेघ उमटते. सगळे दाणे एकाच दिशेला असले की समजायचं, मासे आहेत. दगड असे शिस्तीत उभे राहत नाहीत.

तेव्हा वरून खाली या, धारेच्या वेगापेक्षा थोडं जास्त, जेमतेम सुकाणू लागेल इतकं. जीपीएसवर ताशी ५ ते ६ किलोमीटर दिसले की पुरे. वळण घेताना स्क्रीनकडे बघूच नका. वळणाच्या आतल्या बाजूची वस्तू पुन्हा पुन्हा टिपली जाते आणि लांबट दिसते, बाहेरच्या बाजूची आखडते किंवा सुटूनच जाते.

गरवणारा (मंगळवार, सकाळी ६.५०, कुडाळ)

कृष्णाकाठ भाऊ, तुमचं सगळं वाचलं. मी कर्ली नदीवर आणि खाली खाडीत लहानपणापासून गरवतो. यंत्र नाही, गरी आणि दोरी. पण तुम्ही जे स्क्रीनवर बघता ते आम्ही पाण्याच्या पाठीवर बघतो, म्हणून सांगतो.

पाण्याखाली मोठा धोंडा असला की त्याच्या वरच्या अंगाला नाही, खालच्या अंगाला दोन-चार हातांवर पाणी फुगतं आणि तेलासारखं गुळगुळीत होतं. नवखा माणूस त्या फुगवट्यावर गरी टाकतो. धोंडा तिथे नसतो, मागे राहिलेला असतो. जिथे जोराची धार आणि संथ पाणी एकमेकांना घासून जातात, तिथे फेसाची एक दोरी पडते. माझे काका म्हणायचे, मासा त्या दोरीच्या संथ अंगाला राहतो आणि जोराच्या अंगावरून खाणं उचलतो. संथ पाण्यात अंग झिजत नाही, आणि खाणं दारावरून वाहत जातं.

तर माझं म्हणणं असं की स्क्रीनवर मासाच शोधत बसू नका. धोंडा शोधा, कपार शोधा, पायरीची कड कुठे तुटलीय ते शोधा. मग मान वर करून तिथलं पाणी बघा. दोन्ही जुळलं की मासा तिथे असतो, दिसो न दिसो.

कृष्णाकाठ (मंगळवार, सकाळी ७.३०)

गरवणारा भाऊ, तुमचा हा प्रतिसाद छापून कयाकच्या डब्यात ठेवतोय. चार वेळा जाऊन मी मान वर केलीच नव्हती, डोळे सगळा वेळ स्क्रीनवर.

वाशिष्ठी_चिपळूण (मंगळवार, सकाळी ९.१५)

आमच्या खाडीत हे चालेल का? भरतीला पाणी मचूळ असतं.

त्रिज्या (मंगळवार, दुपारी १२.४०)

चालेल, पण पल्ला घटेल. खारट पाणी वरच्या फ्रीक्वेन्सीचा आवाज जास्त शोषतं. शिवाय खाडीत गोडं पाणी वर आणि खारं खाली असे थर असतात. आवाज त्या थरांमधून जाताना वाकतो आणि लांबचं चित्र फसवं होतं. ४५५ वर ठेवून बघा, आणि शक्यतो भरती-ओहोटीच्या मधल्या धांदलीत नको, पाणी थांबलेलं असताना.

पॅडलवाली (मंगळवार, रात्री ८.१०, व्हर्जिनिया)

कयाकवर ट्रान्सड्यूसर कसा बसवलाय? मी सुरुवातीला तळाच्या भोकात आत ढकलून बसवला होता. खालचं दिसायचं, बाजूचं काहीच नाही. दोन आठवड्यांनी लक्षात आलं की कयाकचं प्लॅस्टिकच दोन्ही बाजूंनी आवाज अडवतंय. तो कयाकच्या तळापेक्षा खाली उघड्या पाण्यात लोंबायला हवा. मग दांडीवर लावला, तर दुसऱ्याच फेरीत एका धोंड्यावर आपटून त्याला चीर गेली. नवा घ्यायला चार महिने थांबावं लागलं.

आता अशी दांडी आहे की जी दगड लागला की मागे उचलली जाते आणि रबराच्या ओढीने परत जागेवर येते. ती बरोब्बर उभी आणि ट्रान्सड्यूसर पाण्याच्या पातळीशी समांतर हवा. एका बाजूला थोडा जरी कलला तरी त्या बाजूचा तळ उजळ आणि दुसरीकडचा अंधुक होतो.

दुसरं म्हणजे पॅडल. प्रत्येक फटक्याला कयाकचं नाक डावीकडे-उजवीकडे डोलतं आणि चित्रात सरळ ओंडकासुद्धा नागमोडी दिसतो. धारेबरोबर वाहत जायचा नकाशावेड्यांचा सल्ला कयाकला तर फारच लागू आहे. फटके कमी, आणि फक्त दिशा सावरण्यापुरते.

अनुराधा_म (बुधवार, सकाळी ६.१५, महाड)

एक शंका आहे, राग मानू नका. या आवाजाने माशांना त्रास होत नाही का?

नकाशावेडा (बुधवार, सकाळी ९.३०)

राग कसला, विचारायलाच हवं. बहुतेक मासे १ किलोहर्ट्झच्या आतलंच ऐकतात. कार्प आणि कॅटफिश यांची श्रवणशक्ती चांगली, ते काही किलोहर्ट्झपर्यंत जातात. हेरिंगच्या गोतातला अमेरिकन शॅड हा मासा मात्र अचाट आहे, तो १८० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ओळखतो. डॉल्फिनच्या आवाजापासून वाचायला हे कान उपयोगी पडत असावेत. साइड इमेजिंगचे ४५५ किलोहर्ट्झ त्याच्याही वर आहेत. मासा घाबरतो तो कयाकवर आपटलेल्या पॅडलला, पडलेल्या डब्याला आणि आपल्या सावलीला.

कृष्णाकाठ, शॅड तुमच्याच नदीतला. समुद्रातून अंडी घालायला वर येणारा हा मासा सस्क्वेहानात पूर्वी थव्याने यायचा. १९२८ मध्ये कोनोविंगो धरण पूर्ण झालं आणि त्याची वाट अडली. आता तिथे माशांना उचलून वर सोडणारी लिफ्ट आहे, तरी जुने दिवस परतलेले नाहीत.

अनुराधा_म (बुधवार, रात्री ९.५०)

आभार. मग आता मनातलं दुसरंही बोलते.

कृष्णाकाठ यांनी पहिल्याच प्रतिसादात लिहिलं आहे की चांगल्या जागा सापडल्या की जीपीएस आकडे इथे टाकीन. कृपा करून टाकू नका.

माझं माहेर महाड तालुक्यातलं. काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. तिथले महसीर वरदायिनी देवीचे मानतात, कुणी गळ टाकत नाही. मी लहान असताना काठावरून चुरमुरे टाकले की हाताएवढे मासे वर यायचे, तोंडं उघडून, इतके जवळ की त्यांचे खवले मोजता यावेत. उन्हाळ्यात नदी आटली की आजूबाजूचा सगळा जीव त्या एका डोहात गोळा होतो. तो डोह राखला म्हणून पावसाळ्यात नदी पुन्हा भरते. आमच्या लोकांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

तुमचं यंत्र नेमकी अशीच जागा दाखवतं, जिथे सगळे एकत्र आलेत आणि पळायला वाट नाही. तिचा पत्ता चव्हाट्यावर आला की काय होतं ते मी दुसऱ्या डोहांवर पाहिलं आहे. सुरुंगाच्या एका स्फोटात पांढरी पोटं वर आलेली, आणि कामाचे तेवढे उचलून बाकीचे तसेच सोडून दिलेले. नाव त्या डोहाचं घेत नाही.

पॅडलवाली (बुधवार, रात्री १०.३०)

अनुराधाताई, आमच्याकडे कायदे कडक आहेत, पकडून सोडणारेच जास्त. तरी तुमचं खरं आहे. थंडीत स्मॉलमाउथ बास खोल संथ डोहात गोळा होतात आणि महिनोनमहिने तिथेच राहतात. सोनारने तो डोह सापडला की एकाच माशाला आठवड्यातून तीनदा गळाला लावलं जाऊ शकतं. सोडून दिला तरी त्याचं अंग झिजतंच.

नकाशावेडा (गुरुवार, सकाळी ८.००)

मला हे पूर्ण पटत नाही. माहिती दडवून नदी वाचत नाही. माशांचं रक्षण करायचं तर आधी ते कुठे आहेत हे कळायला हवं. नॉर्थ कॅरोलिनाच्या नद्यांत स्टर्जन (समुद्रातून नदीत येणारा एक मोठा मासा) किती उरलेत याचा अंदाज साइड स्कॅनच्याच मदतीने घेतला गेला. २०१८ मध्ये हडसन नदीत हाइड पार्कजवळ सुमारे १४ फुटी स्टर्जन सोनारवर दिसला, आणि ज्या नदीत हा मासा फार घटला होता तिथे एवढा मोठा जीव अजून आहे हे सगळ्यांना कळलं. हे यंत्र नसतं तर हे कसं समजलं असतं?

अनुराधा_म (गुरुवार, दुपारी २.२०)

शास्त्रज्ञांनी मोजावं, जरूर मोजावं. माझी हरकत मोजण्याला नाही, पत्ता वाटण्याला आहे. ज्याने मोजलं तो जबाबदार असतो. इथे उद्या कोण वाचेल ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही.

गरवणारा (गुरुवार, संध्याकाळी ७.००)

ताईंच्या बाजूने मी. कसं शोधायचं ते सांगा, कुठे ते सांगू नका. आमच्यातही पोराला गरवायला शिकवतात, पण आपली कपार दाखवत नाहीत. ती त्याने स्वतः शोधायची.

कृष्णाकाठ (गुरुवार, रात्री ९.३०)

सगळं दोनदा वाचलं. अनुराधाताई, माझं चुकलं. २००५ मध्ये या नदीत बासच्या पिल्लांना रोग लागलेला आढळला, पुढे पिल्लं वाचेनाशी झाली, आणि मधल्या पट्ट्यात बास पकडला तर लगेच सोडायचा असा नियम आला. हे सगळं माहीत असूनही मी पत्ते वाटायला निघालो होतो. आकडे टाकणार नाही. फोटो टाकीन तेही जागा ओळखू येणार नाही असे. आणि खोल डोहात थंडीभर गळ टाकणार नाही, हे इथे लिहूनच ठेवतो.

शनिवारी जातोय. १ नोव्हेंबरपासून ३० एप्रिलपर्यंत इथे कयाकमध्ये लाइफ जॅकेट अंगात घालणं सक्तीचं आहे, नुसतं बरोबर ठेवून चालत नाही. पाणी आता इतकं गार आहे की सक्ती नसती तरी घातलंच असतं.

कृष्णाकाठ (शनिवार, रात्री ८.४५)

आत्ताच घरी आलो. बोटं अजून गार आहेत, पण विसरायच्या आत लिहितो.

सकाळी रॉकव्हिल पुलाच्या वरच्या अंगाला उतरलो. (हा पत्ता सांगायला हरकत नाही, सगळ्या गावाला माहीत आहे. १९०२ मध्ये बांधलेला, ४८ कमानींचा दगडी रेल्वेपूल, जवळजवळ पाऊण मैल लांब.) पाण्याचं तापमान ११ अंश. रेंज १२ मीटर, फ्रीक्वेन्सी १.२ मेगाहर्ट्झ. पॅडल मांडीवर ठेवून धारेबरोबर निघालो.

पहिल्या पाच मिनिटांतच वाटलं की यंत्र बदललंय. मागच्या वेळी जे पांढरं पीठ सांडल्यासारखं दिसत होतं, तिथे आता एकेक दगड वेगळा आणि त्यामागे त्याची सावली. पुलाच्या खांबांच्या नाकाशी पाण्याने कोरलेले खळगे दिसले. पाण्यात पडलेली पानं बारीक बारीक चमकत होती, पण त्यांना सावली नव्हती, त्यामुळे फसलो नाही.

पुलाच्या बऱ्याच खाली एका पायरीची कड तुटलेली दिसली. तुटलेल्या जागी एक धोंडा. ट्रान्सड्यूसर तळापासून १.४ मीटर, सावली १.६ मीटर, शेवट ८ मीटरवर. काठाला लागून कागदावर गणित केलं: २८ सेंटीमीटर, वीतभराहून थोडा जास्त. त्रिज्याताई, तुमची आठवण काढली. धोंड्याच्या खालच्या अंगाला पाच उजळ दाणे, पाचही एकाच दिशेला, आणि प्रत्येकाची सावली त्याच्यापासून किंचित सुटलेली.

तरी खात्री नव्हती. काठाकाठाने पॅडल मारत वर गेलो आणि त्याच रेषेवरून पुन्हा खाली आलो. धोंडा जिथल्या तिथे. दाणे मात्र आता चार, आणि त्यांतले दोन हातभर सरकलेले. दगड सरकत नाहीत.

मग गरवणारा भाऊ म्हणाले तसं स्क्रीन झाकला आणि मान वर केली. धोंड्याच्या खाली थोड्या अंतरावर पाणी फुगून गुळगुळीत झालं होतं. त्याच्या डावीकडून फेसाची दोरी लांब खालपर्यंत गेली होती. ही जागा मी यंत्राविना चार वेळा ओलांडली असेल आणि एकदाही पाहिली नव्हती.

लांब वरच्या अंगाला टाकून आमिष धारेने खाली येऊ दिलं. दुसऱ्या फेरीला दोरी थांबली. तळाला अडकल्यासारखी, आणि मग बाजूला चालायला लागली. स्मॉलमाउथ, पट्टीवर ४३ सेंटीमीटर. अंगावरचे उभे पट्टे गडद, डोळा लाल. पाण्यातच गळ काढला, तोंड धारेकडे करून दोन्ही हातांत धरला. कल्ले चारदा हलले, आणि शेपटीचा एक फटका माझ्या मनगटावर मारून तो धोंड्याच्या दिशेने गेला.

दुसरा गळ टाकला नाही. थोडा वेळ तिथेच काठाला बसलो.

गरवणारा (रविवार, सकाळी ६.३०)

भाऊ, मनगटावर फटका म्हणजे मासा ताजातवाना गेला. पुढच्या खेपेला त्याच फेसाच्या दोरीचं खालचं टोक बघा, जिथे ती फुटून विरते. तिथे सहसा सर्वांत थोरला असतो, आणि एकटा.